तुझं खरं तुला, माझं खरं मला? सापेक्षतावादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात दर वर्षी एक वाक्य हमखास येतं: "मॅडम, शेवटी ज्याचं त्याचं असतं." बहुतेक वेळा ते वाद मिटवायला येतं. म्हणणारी मुलं भली असतात, त्यांना कोणाला दुखवायचं नसतं. त्या वाक्यात जपण्यासारखं काहीतरी आहे आणि घातक असंही काहीतरी आहे. गेल्या अनेक वर्षांत वर्गात, प्रवासात, लग्नाच्या पंगतीत त्यावरून मला जे प्रश्न विचारले गेले ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि माझा कल कुठे आहे ते मी लपवलेलं नाही.

सापेक्षतावाद म्हणजे नेमकं काय?

एखादी गोष्ट खरी की खोटी, योग्य की अयोग्य, हे कशाच्या तरी संदर्भातच ठरतं, आणि तो संदर्भ बाजूला काढला तर खरं-खोटं असं काही उरतच नाही, हे मत म्हणजे सापेक्षतावाद. संदर्भ कधी व्यक्तीचा असतो, कधी समाजाचा, कधी काळाचा. खरेपणाबद्दल असं म्हटलं तर तो सत्याचा सापेक्षतावाद, चांगल्या-वाईटाबद्दल म्हटलं तर नैतिक सापेक्षतावाद. दुसरा मानणाऱ्याने पहिला मानलाच पाहिजे असं नाही.

संदर्भाने बदलणारं सत्य ही काही गूढ गोष्ट नव्हे. १९०६ साली सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, पण मुंबई शहरात जुनी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकून राहिली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे मुंबई वेळेच्या घड्याळात बारा वाजलेले असताना प्रमाणवेळेवर लावलेलं घड्याळ बारा वाजून ३९ मिनिटं दाखवत होतं. दोन्ही घड्याळं बरोबर होती. 'खरी वेळ कोणती?' या प्रश्नाला कोणती वेळ धरायची ते सांगितल्याशिवाय उत्तर नव्हतं.

सापेक्षतावादी म्हणतो, नीतीही अशीच, किंवा सगळं सत्यच असं. पुढचे सगळे प्रश्न त्याच्या या एका दाव्याभोवती फिरतात. आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवू या: दोन्ही वेळांमधला फरक ३९ मिनिटं आहे, हे दोन्ही घड्याळांच्या मालकांना सारखंच मान्य होतं.

आईन्स्टाईनने सगळं सापेक्ष आहे हे सिद्ध केलं ना?

नाही. मराठीत दोन्हींना 'सापेक्षता' म्हणतात म्हणून हा घोटाळा होतो. आईन्स्टाईनच्या १९०५ च्या सिद्धान्ताचा पायाच असा की प्रकाशाचा निर्वात पोकळीतला वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, सगळ्या निरीक्षकांना सारखाच मिळतो आणि निसर्गाचे नियमही सगळ्यांना सारखेच लागू पडतात. लांबी आणि कालावधी बदलतात ते हे दोन न बदलावेत म्हणून. नीतीबद्दल तो सिद्धान्त काहीच बोलत नाही.

ही कल्पना आली कुठून? पाश्चात्त्यांकडूनच ना?

ग्रीसमध्ये तिचं नाव प्रोटागोरसशी जोडलेलं आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा अब्देरा गावचा शिक्षक. माणूस हाच सर्व वस्तूंचा मापदंड, हे त्याचं वाक्य. प्लेटोने 'थिएटेटस' या संवादात ते वाऱ्याच्या उदाहरणाने समजावलं आहे: तोच वारा एकाला थंड वाटतो, दुसऱ्याला वाटत नाही, मग वारा थंड आहे की नाही? मुंबईकर ज्या हवेत स्वेटर घालतो तिला नाशिककर थंडी म्हणत नाही, तसंच हे.

त्याच शतकातल्या हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. इराणचा सम्राट दारयुश याने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर तुम्ही आपल्या मेलेल्या वडिलांचं मांस खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग त्याने कल्लाती नावाच्या हिंदी लोकांना बोलावलं. ते आईवडिलांची प्रेतं खात, असं हिरोडोटस म्हणतो. त्यांना सम्राटाने विचारलं, किती घेऊन तुम्ही वडिलांना जाळाल? तेव्हा त्यांनी ओरडून 'असं अभद्र बोलू नका' म्हणून विनवलं. रूढी ही सर्वांची राणी, असा हिरोडोटसचा निष्कर्ष.

पण हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे, आणि मला तर तो ग्रीकांपेक्षा जास्त नेमका वाटतो. बौधायन धर्मसूत्र इसवी सनाच्या आधीच्या शतकांतलं. त्याच्या अगदी सुरुवातीला दक्षिण आणि उत्तर यांच्यातल्या वादाच्या पाच-पाच प्रथा सांगितल्या आहेत. दक्षिणेतल्या अशा: मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी आणि आत्याच्या मुलीशी लग्न करणं. उत्तरेतल्या अशा: लोकर विकणं, मद्य पिणं, वर-खाली दोन्हीकडे दात असलेल्या जनावरांचा व्यापार, शस्त्रांचा धंदा, समुद्रावर जाणं. तिथे मांडलेलं एक मत असं की इकडची प्रथा तिकडे पाळली तर दोष लागतो. आपापल्या प्रदेशात तो प्रदेशच प्रमाण. हा शुद्ध सापेक्षतावाद आहे. आणि लगेच पुढचं वाक्य: 'मिथ्यैतदिति गौतमः'. गौतम हा दुसरा धर्मसूत्रकार म्हणतो, हे खोटं आहे. बौधायन स्वतःही या प्रथा मानायला तयार नाही, शिष्टांच्या परंपरेविरुद्ध जातात म्हणून.

दोन-तीन ओळींत सगळा वाद मांडून झाला आहे: प्रथांची यादी, सापेक्षतावादी तोडगा, त्याला नकार. हे वर्गात वाचून दाखवलं की मुलं सरसावून बसतात, कारण यादीतली मामाची मुलगी त्यांच्या घरातली असते.

जगभर नीतिकल्पना इतक्या वेगवेगळ्या आहेत. सापेक्षतावाद सिद्ध करायला तेवढं पुरेसं नाही का?

नाही पुरेसं. लोकांची मतं वेगवेगळी आहेत ही एक गोष्ट झाली. सगळ्यांची मतं सारखीच बरोबर आहेत ही अगदी वेगळी गोष्ट. चंद्रग्रहण का लागतं याबद्दलही मतभेद होते, म्हणून पृथ्वीची सावली कोणासाठी पडली आणि कोणासाठी नाही, असं झालं नाही.

शिवाय वरवर दिसणारा फरक खोल गेल्यावर कधी कधी विरघळतो. मुंबईत मलबार हिलवर पारश्यांची दोखमे आहेत, तिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात. तिथून फार लांब नसलेल्या बाणगंगेच्या स्मशानात हिंदू देह जाळतात. पाहणाऱ्याला वाटेल, या दोघांचं काही जुळणं शक्य नाही. कारण विचारा. पारशी म्हणतात, अग्नी पवित्र आहे, प्रेताने तो विटाळू नये. हिंदू म्हणतात, अग्नी पवित्र आहे, म्हणून देह त्याच्या स्वाधीन करावा. लिंगायत देहाला बसवून मातीत ठेवतात. मेलेल्या माणसाला इतमामाने निरोप द्यायचा याबद्दल तिघांत मतभेद नाही. हिरोडोटसच्या गोष्टीतही तेच आहे: ग्रीक आणि कल्लाती दोघेही वडिलांच्या अवमानाच्या कल्पनेनेच शहारले होते. 'देश तसा वेष' ही म्हण आपण सांगतो, आणि 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' हीसुद्धा.

सगळेच मतभेद असे विरघळत नाहीत. बहीण प्रेमात पडली म्हणून तिचा जीव घेण्यात घराण्याची इज्जत आहे असं मानणारा आणि त्याला खून म्हणणारा, या दोघांत खाली शोधूनही समान तळ मिळेलच असं मी सांगू शकत नाही. तिथे प्रश्न उरतोच.

'सगळं सत्य सापेक्ष आहे' हे वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं, असं म्हणतात. हा शाब्दिक कोटिक्रम नाही का?

मलाही विद्यार्थिदशेत तसंच वाटायचं. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत हा वदतोव्याघात. प्लेटोने प्रोटागोरसला याच पेचात धरलं. बहुतेक लोकांना प्रोटागोरसचं मत चुकीचं वाटतं. प्रत्येकाला जे वाटतं ते त्याच्यापुरतं खरं असेल, तर त्या बहुतेकांसाठी प्रोटागोरस चूक हे खरं ठरलं, आणि प्रोटागोरसला स्वतःच्याच नियमाने ते मान्य करावं लागतं.

यावर सापेक्षतावादी म्हणू शकतो, "माझं मत माझ्यापुरतं खरं आहे, बस." त्यात विसंगती नाही. पण मग त्याने आपल्याला काय सांगितलं? आपलं मत बदलायचं कारण तो देत नाही. स्वतःच्या मनाची खबर देतो. हाच मला या युक्तिवादाचा खरा नेम वाटतो. वाद घालायला बसलेल्या माणसाने 'हे असं आहे' म्हणण्याची जागाच सोडून दिली तर संभाषणात त्याचं काय उरतं?

मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर हा पेच फक्त सर्वंकष सापेक्षतावादाला लागतो. 'नीती सापेक्ष आहे' किंवा 'चव सापेक्ष आहे' म्हणणारा या सापळ्यात अडकत नाही, कारण त्याचं वाक्य स्वतः नीतीचं किंवा चवीचं नाही. कोल्हापूरची मिसळ चांगली की पुण्याची, यावर दोघे तावातावाने भांडले तरी दोघांपैकी कोणाची चूक नाही, हे शक्य आहे. चुकीविना मतभेद कसा असू शकतो यावर गेल्या काही दशकांत इंग्रजीत भरपूर तांत्रिक लिखाण झालं आहे. नैतिक सापेक्षतावाद्यांत गिल्बर्ट हार्मन यांच्यासारखे अत्यंत काटेकोर विचारवंत आहेत. त्यांना एका वाक्यात उडवून लावता येत नाही, आणि तसं करणाऱ्यापासून सावध राहावं.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट, जैनांचा स्याद्वाद, हे सापेक्षतावादच ना?

हा गैरसमज मला फार मोलाचा वाटतो, कारण तो दूर करताना मधली वाट सापडते.

जैनांचा अनेकान्तवाद म्हणतो की वस्तूला अनेक अंगं असतात आणि प्रत्येक विधान कुठल्या तरी एका दृष्टिकोनातून, म्हणजे नयातून, केलेलं असतं. म्हणून विधानाआधी 'स्यात्' लावायचं, हाच स्याद्वाद. या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा घेतला की सगळं बिघडतं. जैन आचार्यांचा अर्थ आहे 'कथंचित्', म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने. मडकं मातीच्या अपेक्षेने आहेच, सोन्याच्या अपेक्षेने नाहीच. यात शंका कुठे आहे? अपेक्षा सांगितली की विधान पक्कं होतं, मुंबई वेळेसारखं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला की एकाच वस्तूत परस्परविरोधी धर्म नांदू शकत नाहीत. त्याला जैनांचं उत्तर हेच, की अपेक्षा वेगळी असल्यावर विरोध उरत नाही.

शिवाय जैन दर्शनात केवलज्ञानी आहे, ज्याला वस्तू सर्व अंगांनी दिसते. म्हणजे पूर्ण सत्य आहे. आपल्या हाती त्याचा तुकडा आहे. हत्तीच्या गोष्टीतही सोंड धरणारा आणि पाय धरणारा दोघे तुकड्यापुरते बरोबर आहेत. 'हत्ती खांबासारखाच आहे' म्हणणारा मात्र चूक आहे. आणि सगळ्यांच्या हाताखाली एकच हत्ती आहे. सापेक्षतावाद्याच्या गोष्टीत जितके आंधळे तितके हत्ती असावे लागतील.

योग्य-अयोग्य समाजच ठरवतो. समाज म्हणेल तीच नीती, यात चूक काय?

या प्रश्नापाशी मला थांबायचं आहे, कारण माझं खरं भांडण इथे आहे.

'त्या समाजात तेच योग्य' हे वाक्य खरं माना आणि महाडला जा. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला, की सरकारी खर्चाच्या विहिरी-तळी अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. प्रत्यक्षात तिथलं पाणी प्यायची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. सवर्णांनी नंतर गोमूत्र-शेण वगैरे ओतून तळ्याची 'शुद्धी' केली आणि कोर्टात दावा लावला.

त्या दिवशी महाडच्या प्रचलित रूढीनुसार चूक कोणाची होती? समाजमान्यता हाच निकष असेल तर उत्तर एकच निघतं: बाबासाहेबांची. सुधारक हा सुधारणा होईपर्यंत प्रत्येक वेळी चूकच ठरतो, आणि सुधारणा झाली की जुने लोक चूक ठरतात. मध्ये कोणी काही ओळखलं, कोणाला काही उमगलं, असं या हिशेबात घडतच नाही. नुसतं मतांचं पारडं फिरतं.

दुसरी गोष्ट. 'समाजाची रूढी' म्हणजे कोणाची? तळ्यापाशी अडवलेले लोक त्या समाजातच राहत होते. त्यांना धरून मोजणी कोणी केली होती? महाडचा दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९३७ साली निकाल लागला तेव्हा वादींना ती रूढी अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध करता आलं नाही. 'आमच्याकडे पूर्वापार असंच चालत आलंय' हे वाक्य ऐकू आलं की ते कोण म्हणतंय ते बघावं. बहुतेक वेळा ज्याचं त्या रूढीने भलं होतं तोच म्हणत असतो.

अलीकडचं उदाहरण जात पंचायतींचं आहे. लग्नाच्या रात्री नवऱ्या मुलीची कौमार्य चाचणी घ्यायची, विरोध करणाऱ्या घराला वाळीत टाकायचं, हे 'आमच्या समाजाचं अंतर्गत' म्हणून सांगितलं जात होतं. याविरुद्ध मोहीम उघडली ती कंजारभाट समाजातल्याच तरुण मुलामुलींनी. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो अशाच माणसांच्या कामी यावा म्हणून. 'त्यांचं त्यांना' म्हणून बाजूला होणारा माणूस स्वतःला तटस्थ समजतो, पण प्रत्यक्षात त्याने पंचांचा शब्द त्या मुलीच्या शब्दापेक्षा जास्त वजनाचा धरलेला असतो.

तुकोबांनी खऱ्या-खोट्याच्या बाबतीत मनाला ग्वाही ठेवलं आणि बहुमत मानलं नाही. यावर एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, "मग ते व्यक्तीपुरतं सत्य झालं ना?" छान प्रश्न होता. मी तिला 'ग्वाही' शब्दाकडे परत नेलं. ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदार घटना घडवत नाही. घडलेलं पाहतो आणि गर्दीला न घाबरता सांगतो.

पण बाहेरच्याने दुसऱ्या समाजाच्या नीतीवर बोलणं म्हणजे साम्राज्यवादच नाही का?

या भीतीला इतिहास आहे, तिला हसू नये. 'रानटी लोकांना सुधारतो' म्हणत युरोपने निम्मं जग लुटलं. विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्या रूथ बेनेडिक्ट यांनी सांस्कृतिक सापेक्षतेचा आग्रह धरला तो याच उद्दामपणाविरुद्ध, आणि वंशवादाविरुद्धच्या लढ्यात त्याचं मोल मोठं आहे.

तरीही इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. 'हे चूक आहे का?' हा एक. 'ते थांबवायचा अधिकार कोणाला?' हा दुसरा. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं होतं. लोकमान्य टिळकांचा विरोध मुख्यतः परक्या सरकारने आमच्या धर्मात कायद्याने हात घालू नये असा होता. आगरकरांना आणि भांडारकरांना कायदा हवा होता. टिळकांचं म्हणणं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे; त्याला सापेक्षतावाद म्हणता येत नाही. मला आगरकरांची बाजू बरोबर वाटते, कारण बारा वर्षांच्या आतल्या मुलीला स्वराज्य येईपर्यंत थांबा असं कसं सांगणार?

रखमाबाईंचा खटला याहून गुंतागुंतीचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. त्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल उलटला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंग पत्करेन पण जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. 'हिंदू परंपरा वाचवा' म्हणून जे लोक दादाजीच्या मागे उभे राहिले, ते ज्या हक्काच्या नावाने भांडत होते तो, बायकोला कोर्टामार्फत नांदायला लावण्याचा दावा, इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला होता. हिंदू धर्मशास्त्रात असा दावा नाही, हे पिन्हे यांनीच निदर्शनाला आणलं. आणि 'बाहेरचा विचार' म्हणून जिला हिणवलं ती मुंबईतल्या सुतार घरची मुलगी होती. आतलं कोण, बाहेरचं कोण?

निदान सापेक्षतावादामुळे सहिष्णुता तरी वाढते ना?

सहिष्णुता मलाही हवी आहे, पण ती या झाडाला लागत नाही. प्रत्येक समाजाची नीती त्याच्यापुरती बरोबर असेल, तर असहिष्णू समाजाची असहिष्णुताही त्याच्यापुरती बरोबर. 'दुसऱ्याचा आदर करा' हा नियम सगळ्यांना लागू आहे असं म्हणायचं तर निदान तो एक नियम सापेक्ष नाही असं मानावं लागतं.

१९४७ मध्ये अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने याच पेचात स्वतःला अडकवून घेतलं. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, मूल्यं त्या त्या संस्कृतीपुरती असतात, तेव्हा पाश्चात्त्य मूल्यं जगावर लादू नका, असं निवेदन तिने पाठवलं. मेल्व्हिल हर्सकोविट्स त्याचे मुख्य लेखक. नाझी जर्मनीचं काय, हा प्रश्न युद्ध संपून दोन वर्षं झालेली असताना टळण्यासारखा नव्हता, आणि सहकाऱ्यांनीच तो उभा केला. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. ८ देश तटस्थ राहिले, त्यांत त्याच वर्षी वर्णभेदाचं राज्य सुरू झालेली दक्षिण आफ्रिका होती. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातले 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारे इंग्रजी शब्द बदलून 'सर्व मानव' करून घेतले ते भारताच्या हंसा मेहता यांनी. पाश्चात्त्यांनी लादलेलं म्हणावं, तर त्यातला हा शब्द गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या देशातल्या बाईने आग्रहाने घालून घेतलेला आहे. १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने नवा जाहीरनामा काढला.

विज्ञान हीसुद्धा एक श्रद्धाच नाही का?

विज्ञान विचारांच्या चौकटी बदलत पुढे जातं असं मांडणाऱ्या थॉमस कून यांच्या १९६२ च्या पुस्तकानंतर हा प्रश्न लोकप्रिय झाला. वैज्ञानिक प्रश्न निवडतात, पैसे मिळवतात, कधी जुन्या चौकटीत अडकतात, हे सगळं मान्य. पण कोकणात लाल विंचू चावल्यावर माणसं मरत होती, आणि मंत्र घालणारेही होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांशेजारी बसून निरीक्षणं केली, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. विंचवाचं विष रुग्ण कोणत्या श्रद्धेचा ते पाहून चढत नाही.

परिस्थितीप्रमाणे वागणं म्हणजे सापेक्षतावादच झाला की?

नाही. मारेकऱ्याला पत्ता चुकीचा सांगणं बरोबर आणि कोर्टात खोटी साक्ष देणं चूक, यात नीती बदललेली नाही, परिस्थिती बदलली आहे. त्याच परिस्थितीत कोणीही असता तरी उत्तर तेच आलं असतं. आपल्या धर्मशास्त्रातला आपद्धर्म असाच आहे. डॉक्टर दोन रुग्णांना दोन वेगळे डोस देतो, म्हणून औषधशास्त्र व्यक्तीगणिक वेगळं होत नाही.

सत्य एकच आहे म्हणणारे लोकच जास्त क्रूर वागलेले दिसतात. मग?

हे मला सर्वांत अवघड वाटतं, कारण निरीक्षण बरोबर आहे. पण क्रूरता येते ती 'सत्य आहे' यापेक्षा 'ते माझ्या मुठीत आहे' या खात्रीतून. 'माझं चुकत असेल' हे वाक्य उच्चारायला चुकण्याची शक्यता लागते, आणि चुकायला माझ्या मताबाहेर काहीतरी असावं लागतं. ज्याचं मत हेच त्याचं सत्य, त्याची चूक होऊच शकत नाही. म्हणून पूर्ण सापेक्षतावादी आणि पूर्ण हटवादी यांच्यात मला एक साम्य दिसतं: दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून बदलायचं कारण उरलेलं नसतं.

तुम्हाला सापेक्षतावाद कुठेच पटत नाही का?

पटतो ना. परत बौधायनाच्या यादीकडे या. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. आत्याच्या मुलीशी मुलाचं लग्न बहुतेक ठिकाणी चालत नाही. तमिळ आणि तेलुगू घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं, ते ऐकून आपण चमकतो. उत्तरेत जिच्याकडून राखी बांधून घ्यायची, तिच्याशी लग्न ही कल्पनाच किळसवाणी वाटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाबहिणींच्या मुलांचं नातं निषिद्ध यादीत ठेवलं आणि लगेच अपवादही केला: रूढीने परवानगी असेल तर चालेल. कोणतं नातं बहिणीचं आणि कोणतं नवरीचं, याचं प्रदेशाबाहेरचं उत्तर मला सापडत नाही. इथे मी गौतमाच्या विरुद्ध, 'प्रदेशच प्रमाण' म्हणणाऱ्यांच्या बाजूला आहे.

पण त्याच लग्नात दोन गोष्टी अशा आहेत ज्या कोल्हापूरला आणि लखनौला सारख्याच लागू होतात. जवळच्या रक्तातल्या लग्नांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, तो जनुकांमुळे. रूढीने परवानगी दिली म्हणून कमी होत नाही. दुसरी गोष्ट मामाच्या त्या मुलीची. माझ्या आजोळी असं एक लग्न ठरत होतं तेव्हा सगळे मोठे ओसरीवर बसून हुंड्याचं आणि जमिनीचं बोलत होते. ती आत चहा गाळत होती आणि तिला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.